कस्टमचं पत्र आलं, पण ते बाईकचं निघालं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मागच्या रविवारी एका वाचकाचं आरटीओवरचं पत्र आलं होतं, ते मी इथे जर्मनीत सकाळी चहा पिता पिता मोबाइलवर वाचलं, निम्मं पटलं, निम्मं अजिबात नाही, म्हणून लिहायला बसलो. एजंट, खेटे, झेरॉक्स, सर्व्हर डाउन हे सगळं खरंय, मी मूळचा चिंचवडचाच, त्या रांगेत माझेही पाय दुखलेत. पण शेवटी त्यांनी लिहिलंय की परदेशात गाडी घेतली की दहा मिनिटांत नंबर हातात, कटकट नाही. हे त्यांना त्यांच्या भाच्याने सांगितलंय म्हणे. भाचा बहुतेक कंपनीच्या गाडीतून फिरत असणार.

मी पाच वर्षं झाली श्टुटगार्टच्या बाजूच्या एका गावात राहतो, त्याआधी दहा वर्षं चाकणला नोकरी. इथे येऊन मी जी बाईक घेतली ती निघाली चाकणचीच, म्हणजे सेकंड हँड ड्युक 390, जुनी 373 सीसीवाली, जी बजाजच्या चाकणच्या प्लांटमध्ये बनून जगभर जाते. ज्या रस्त्यावरून मी रोज कंपनीच्या बसने जायचो त्याच रस्त्यावरून कंटेनरमध्ये बसून ही बाई माझ्या आधी युरोपात पोचली होती, आणि तिला कागद मिळायला काही अडचण आली नाही. अडचण आली ती मला.

सुरुवात लायसनपासून. भारतीय लायसनवर इथे राहायला आल्यापासून सहा महिने गाडी चालवता येते, सोबत इंटरनॅशनल परमिट किंवा लायसनचं भाषांतर पाहिजे. मी आलो ऑक्टोबरात. आता ऑक्टोबर ते मार्च इथे दुचाकी कोण चालवणार, रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं आणि सकाळी सीटवर बर्फ. एप्रिलमध्ये ऊन पडलं, लोकांनी बाईकवरची कव्हरं काढली, आणि माझे सहा महिने संपले. एक किलोमीटर चालवली नाही. हजार रुपये भरून आणलेलं इंटरनॅशनल परमिट अजून ड्रॉवरमध्ये आहे तसंच कोरं.

त्यानंतर इथलं लायसन काढायला लागतं आणि भारताचं नाव त्यांच्या त्या यादीत नाही ज्या देशांचं लायसन नुसतं बदलून देतात. म्हणजे लेखी परीक्षा पण द्यायची आणि प्रॅक्टिकल पण, त्याच्या आधी डोळे तपासायचे आणि फर्स्ट एडचा दिवसभराचा कोर्स करायचा. सूट एवढीच की आधीचं लायसन असल्यामुळे ड्रायव्हिंग स्कूलचे ठरावीक तास सक्तीचे नसतात. पण परीक्षेला स्कूलचा मास्तर सोबत लागतोच, आणि मास्तर काय तुम्हाला न शिकवता सोडत नाही. बाईकच्या प्रॅक्टिकलला आपण पुढे बाईकवर आणि परीक्षक मास्तरच्या गाडीत बसून मागून येतो, आपल्या कानात रेडिओ, पुढच्या चौकात डावीकडे, मग सरळ, असं चालू असतं. पहिल्या वेळी मी नापास झालो. सतरा वर्षं गाडी चालवणारा माणूस नापास! कारण काय तर लेन बदलताना आरशात बघितलं पण मान वळवून खांद्यावरून मागे बघितलं नाही. आता मी पुण्यात मान वळवून मागे कधी बघायचो तर मागे बसलेला उतरला का पडला ते बघायला. दुसऱ्या वेळी मी इतक्या वेळा मान वळवली की दोन दिवस दुखत होती, पण पास झालो. काउंटरवर नवीन कार्ड देताना बाईंनी माझं पिंपरी-चिंचवडचं लायसन काढून घेतलं, ते सोडताना थोडं वाईटच वाटलं.

गंमत म्हणजे गाडी नावावर करायला लायसन लागतच नाही. घ्या नावावर, उभी करा, बघत बसा. लागतो तो पत्ता. आणि इथे पत्ता म्हणजे लाइट बिल नाही, भाडेकरार नाही, नगरसेवकाचं पत्र तर नाहीच नाही. तुम्ही राहायला आलात की घरमालकाच्या सहीचा फॉर्म घेऊन नगरपालिकेत जाऊन नाव नोंदवायचं, त्याला अनमेल्डुंग म्हणतात, त्याचा एक कागद मिळतो आणि त्या कागदाशिवाय इथे पान हलत नाही. जर्मन माणसाच्या ओळखपत्रावर पत्ता छापलेला असतो त्यामुळे त्याला कळतच नाही की आपल्यासारखे लोक पासपोर्टच्या मधे घडी करून कुठला कागद घेऊन फिरतात. ज्याचं इथे घरच नाही अशा परदेशी माणसालाही गाडी नावावर करता येते, पण मग त्याला इथला एक माणूस दाखवावा लागतो जो त्याच्या वतीने सरकारी पत्रं घेईल. कारण पत्रं येणारच.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी लिहितोय. आपल्याकडे शोरूममध्ये बसलं की ऑन-रोड किमतीचा कागद पुढे येतो, त्यात एक्स-शोरूम, मग रोड टॅक्स, मग इन्शुरन्स, मग हँडलिंग का काय ते, आणि आपण बघतो फक्त खालचा आकडा. इथे क्रम उलटा आहे आणि तो क्रम मोडता येत नाही. पहिला इन्शुरन्स. विमा कंपनीला फोन करायचा नाहीतर ऑनलाइन भरायचं, की तुम्हाला एक सात अक्षरांचा कोड येतो, त्याला ई-फाउ-बे म्हणतात. हा कोड म्हणजे विमा कंपनीने सरकारला दिलेला शब्द, की या गाडीने कुणाचं नुकसान केलं तर आजपासून आम्ही बांधील. कोड नसेल तर नोंदणी ऑफिसात तुमच्याशी पुढे कुणी बोलतच नाही. आणि कागद दाखवायची भानगड नाही, काउंटरवरची बाई कोड टाकते आणि तिच्या स्क्रीनवर दिसतं. दुसरी गोष्ट कर. तिथेच एका फॉर्मवर सही करून द्यायची की माझ्या बँक खात्यातून दरवर्षी कर परस्पर कापून घ्या. ही सही नाही तर नंबर नाही, आणि आधीचा कुठला वाहन कर थकलेला असेल तरी नाही.

मी गेलो त्या दिवशी पासपोर्ट, तो पत्त्याचा कागद, गाडीचे दोन कागद (एक आपल्या आरसीसारखा सोबत ठेवायचा, दुसरा मालकीचा, तो घरी कुलपात), ट्यूफची (दर दोन वर्षांच्या तांत्रिक तपासणीची) पावती आणि कोड असं सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेलं होतं. ऑफिसच्या समोर चार दुकानं, सगळी नंबर प्लेटची. आत नंबर मिळाला की बाहेर येऊन यांच्याकडून प्लेट ठोकून घ्यायची आणि परत आत जाऊन त्यावर शिक्के चिकटवून घ्यायचे. ही दुकानं बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं, आरटीओच्या बाहेर टपऱ्या असतात तसंच, फक्त इथे "साहेब काम करून देऊ का" म्हणत कुणी अंगावर येत नाही. दहा-बारा युरो जास्त दिले की नंबर आवडीचा मिळतो. शहराच्या अक्षरांनंतर दोन अक्षरं आणि आकडा आपण निवडायचा. मी काय निवडलं ते सांगायला नको, एमएच आणि पुढे 14. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं बायकोच्या नावाची अक्षरं का, मी हो म्हटलं, एवढ्या सकाळी चिंचवड पासिंग कुठे समजावून सांगणार.

हे काम खरंच पाऊण तासात झालं. भाचा बरोबर आहे म्हणायचं तर या पाऊण तासापुरता. आता तर ऑनलाइनही होतं, 2023 पासून, घरबसल्या नोंदणी करून प्रिंट काढून दहा दिवस चालवता येते आणि शिक्के पोस्टाने येतात. पण त्या पाऊण तासाच्या मागे माझं वर्ष गेलं होतं.

मग तीन-चार आठवड्यांनी पोस्टात एक पाकीट आलं, वर लिहिलेलं हाउप्टत्सोलआम्ट. त्सोल म्हणजे कस्टम एवढं जर्मन मला येत होतं. माझ्या पोटात गोळा, कारण त्याच्या आदल्या महिन्यात आईने दिवाळीच्या आधीच चकल्या, भाजणी, गोडा मसाला आणि कुठलीतरी आयुर्वेदिक गोळ्यांची बाटली असं पार्सल पाठवलं होतं आणि ते पोचलं नव्हतं. मला वाटलं गोळ्यांमध्ये काहीतरी सापडलं. बायको म्हणाली भाजणीची पांढरट पूड बघून त्यांना दुसराच काहीतरी संशय आला असणार. दोघांनी मिळून डिक्शनरी घेऊन पत्र वाचलं तर ते बाईकच्या कराचं. इथे 2014 पासून वाहन कर गोळा करायचं काम कस्टम खात्याकडे आहे, हे कोणी सांगितलं असतं तर रात्रीची झोप तरी लागली असती. (पार्सल नंतर आलं. चकल्यांचा चुरा झाला होता.)

आणि कर किती? बाईकला दर 25 सीसीमागे 1.84 युरो, आणि 25 चा तुकडा सुरू झाला की पूर्ण धरतात. माझे 373 सीसी म्हणजे 15 तुकडे, 27.60, वरचे सेंट सोडून देतात, वर्षाचे 27 युरो. सव्वाशे सीसीपर्यंतच्या छोट्या बाईकला तर करच नाही. त्यातून मी घेतलीये सीझन प्लेट, म्हणजे प्लेटच्या उजव्या कडेला वर 03 आणि खाली 10 असे आकडे असतात, मार्च ते ऑक्टोबर. या आठ महिन्यांचाच कर, 18 युरो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती रस्त्यावर चालवायची तर नाहीच, रस्त्याच्या कडेला उभीसुद्धा करायची नाही, बेसमेंटमध्ये गप्प.

आता इथे प्रत्येक मराठी माणूस म्हणणार, बघा 27 युरो आणि आपल्याकडे लुटतात. मी पण तेच म्हणायचो. मग एकदा हिशोब केला. महाराष्ट्रात पेट्रोलच्या दुचाकीला एकरकमी कर आहे, 99 सीसीपर्यंत किमतीच्या 10 टक्के, 299 पर्यंत 11, त्याच्यावर 12. तीन लाखांची बाईक धरली तर 36 हजार, एकदाच, 15 वर्षांचे. इथे 27 युरो गुणिले 15 म्हणजे 405 युरो, शंभर रुपयाचा युरो धरला तर चाळीस हजार पाचशे. म्हणजे जवळपास तेवढेच, उलट किंचित जास्त! मी दोनदा कॅल्क्युलेटर मारला. तेव्हा रक्कम लुटीची नाही, फरक आहे तो हा की इथे मी वापरीन तेवढे दिवस भरतो, आणि आपल्याकडे 15 वर्षांचे पहिल्याच दिवशी.

जो माणूस एका जागी जन्मभर राहणार त्याला हे चालून जातं. जो हलतो तो मरतो. आमच्या ऑफिसातला एक जर्मन सहकारी दोन वर्षांसाठी चाकणला गेला होता, त्याने हौसेने एन्फिल्ड 350 घेतली, कंपनीचं पत्र, भाडेकरार, व्हिसा सगळं शोरूमवाल्याने गोळा करून काम करून दिलं, त्याचं त्याला कौतुकच होतं. पण परत आल्यावर तो मला विचारतो की मी दोन वर्षं राहणार हे व्हिसावर लिहिलं होतं, मग पंधरा वर्षांचा कर का घेतला? काय सांगणार. परदेशी कशाला, माझा मावसभाऊ पुण्याहून बेंगळुरूला गेला पल्सर घेऊन. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली की तिकडचा नंबर घ्यायला लागतो, म्हणजे पुण्याहून एनओसी आणा, तिकडे परत कर भरा, आणि पुण्यात भरलेल्यातला उरलेला परत मागा. कायद्याने परत मिळतो. त्याचा अर्ज चार वर्षं फिरतोय, आता त्याने नाद सोडला. जर्मनीत 2015 पासून तुम्ही एका टोकाच्या शहरातून दुसऱ्या टोकाला गेलात तरी जुनीच प्लेट चालते, फक्त पत्ता बदलून घ्यायचा. आपल्याकडे 2021 ला बीएच म्हणजे भारत सिरीज आली, राज्य बदललं तरी तोच नंबर चालतो, त्यात दोन-दोन वर्षांचा कर भरायची सोय आहे, चांगली आहे, पण ती मिळते सरकारी नोकराला किंवा ज्याच्या खाजगी कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं आहेत त्याला. बेंगळुरूला स्वतःचा धंदा टाकायला गेलेल्या पोराला नाही.

असो, कराचं एवढंच. खरा पैसा आणि खरा ताप इन्शुरन्सचा. कर 18 युरो आणि पहिल्या वर्षीचा विमा साडेतीनशेच्या पुढे! का, तर इथे तुम्ही किती वर्षं अपघाताशिवाय चालवलीत त्यावर हप्ता ठरतो आणि ती वर्षं मोजायला सुरुवात झाली मी इथे गाडी घेतली तेव्हापासून. मी चिंचवडहून नो क्लेम बोनसचं पत्र आणलं होतं, शिक्क्यासकट, 50 टक्क्यांपर्यंत पोचलेला बोनस. एका विमा कंपनीच्या माणसाने ते पत्र हातात धरून उलटसुलट बघितलं, मनापासून वाचलं, आणि परत दिलं. चांगलं आहे म्हणाला, पण सिस्टिममध्ये भारत नाही. चाळिशीला आलेला माणूस त्यांच्या लेखी काल-परवा लायसन मिळालेलं पोरगं. मी चिडून म्हटलं की पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सतरा वर्षं वाचलो हे सर्टिफिकेट नाही का. त्याला जोक कळला नाही. सीझन प्लेट घेणाऱ्यांना एक सांगतो, सहा महिन्यांपेक्षा कमी सीझन घेतला तर ते वर्ष बोनसच्या मोजणीत धरत नाहीत, थोडे पैसे वाचवायला जाऊन माझा एक ओळखीचा तीन वर्षं तिथल्या तिथेच राहिला.

थर्ड पार्टी सक्तीची, कायद्याने माणसांच्या इजेसाठी कमीत कमी 75 लाख युरोचं कव्हर, पण बहुतेक पॉलिसीत ते 10 कोटी युरो असतं. त्याच्या पुढे टाइलकास्को म्हणून एक प्रकार, त्यात चोरी, आग, गारा आणि रानातलं जनावर आडवं आलं तर. मी हसलो होतो, जनावर कसलं. मग एका संध्याकाळी ब्लॅक फॉरेस्टच्या वरच्या रस्त्यावर, तो बी 500, सुंदर रस्ता, ताम्हिणीची आठवण येते, समोर रस्त्याच्या मधोमध हरीण उभं आणि माझ्याकडे असं बघतंय की मीच वाट चुकलोय. लागलं नाही कुणालाच, पण दुसऱ्या वर्षी टाइलकास्को काढून टाकायचा विचार सोडून दिला.

आणि आता ती गोष्ट जी मला आपल्या लोकांना सांगायचीच आहे. मागच्या वर्षी मी बँक बदलली आणि विमा कंपनीला नवीन खातं कळवायचं राहून गेलं. हप्ता परत गेला. एक आठवण आली ती मी बाकीच्या पत्रांत टाकली, चूक माझीच. आणि मग पत्र आलं विमा कंपनीचं नाही, नोंदणी ऑफिसचं. की तुमच्या गाडीला विमा उरलेला नाही असं कंपनीने आम्हाला कळवलंय, अमुक तारखेच्या आत नवीन कोड द्या नाहीतर गाडी बंद करू, आणि या पत्राची फी तुमच्याकडून घेऊ. मी ऑफिस सोडून पळत गेलो. कारण बंद करणं म्हणजे काय ते मी आमच्याच गल्लीत बघितलं होतं. माणूस येतो, खिशातून पातीसारखं काहीतरी काढतो, प्लेटवरचा गोल शिक्का खरवडतो, खर्र खर्र, मिनिटभराचं काम, आणि गाडीवर एक लाल चिठ्ठी चिकटवून जातो. त्या क्षणापासून ती गाडी म्हणजे भंगार लोखंड, रस्त्यावर उभी केली तरी दंड. ओरडा नाही, भांडण नाही, पावती फाडू का साहेब वगैरे काही नाही.

त्याहून सोपी तऱ्हा इथल्या 50 सीसीच्या स्कूटरना. त्यांना आरटीओचा नंबरच नसतो, कर नाही, नोंदणी नाही. त्यांची छोटी प्लेट विमा कंपनीच देते आणि ती एक मार्च ते फेब्रुवारीअखेर चालते. दरवर्षी अक्षरांचा रंग बदलतो, काळा, निळा, हिरवा, असा आळीपाळीने, 2024 ला निळा होता, 2025 ला हिरवा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या सोळा वर्षांच्या पोराच्या स्कूटरला एक मार्चला जुना रंग दिसला तर पोलिसाला थांबवून कागद मागायची गरज नाही, लांबूनच कळतं. शाळेतल्या पोरांनासुद्धा कळतं, एकमेकांना चिडवतात.

आता चिंचवडचं ऐका. एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवायची सक्ती झाली, तारखा वाढत गेल्या, तुमच्याच पेपरात रोज बातमी असायची. आमच्या बाबांची जुनी अॅक्टिव्हा आहे, मी इथून ऑनलाइन बुकिंग केलं, साडेचारशे रुपये अधिक जीएसटी, बाबा ठरलेल्या दिवशी सेंटरवर गेले, प्लेट बसली, फोटो पाठवला, होलोग्राम चमकतोय, बाबा खूश. मी सहज विचारलं, बाबा, इन्शुरन्स कधी संपतोय? तर म्हणाले, अरे तो आहे ना डिकीत. व्हिडिओ कॉलवर डिकी उघडायला लावली. आत एक पिवळी पडलेली पॉलिसी, 2018 साली संपलेली. म्हणजे सहा वर्षांच्या वर माझे वडील रोज सकाळी मंडईत आणि संध्याकाळी बागेत विनाविमा जात होते, तीन वेळा पीयूसी केली, एक चलन भरलं, नवीकोरी हाय सिक्युरिटी प्लेट लागली, आणि या सगळ्यात कुणीही, मी धरून, विचारलं नाही.

आमचे बाबा एकटे नाहीत. देशातल्या रस्त्यावरच्या निम्म्याहून जास्त गाड्यांना विमा नाही हे संसदेच्या समितीच्या अहवालातच आलंय, आणि त्यात मोठा भाग दुचाक्यांचा. शोरूममधून निघताना असतो, 2018 च्या सप्टेंबरपासून नवीन दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावीच लागते, ती संपली की संपली. महाग आहे म्हणावं तर तेही नाही, 2022 ला ठरलेल्या दराने 75 ते 150 सीसीच्या दुचाकीची थर्ड पार्टी वर्षाला 714 रुपये, वर जीएसटी. पल्सरची टाकी फुल करायला याहून जास्त लागतात. आणि कव्हर आपलंही कागदावर कमी नाही, माणसाच्या मृत्यूला किंवा इजेला मर्यादाच नाही, कोर्ट ठरवेल ते. पण विमाच नसेल तर ते देणार कोण, ज्याच्या अॅक्टिव्हाने धडक दिली तो पेन्शनर?

तेव्हा त्या वाचकांना माझं सांगणं एवढंच की एजंटवर राग काढा, जरूर काढा, पण परदेशाकडून काही घ्यायचंच असेल तर ते दहा मिनिटांचं काउंटर नका घेऊ, ते तर आपल्याकडेही येतंय, वाहन पोर्टलवरून बरंच काम घरून होतं आता. घ्यायचं तर हे घ्या की विमा संपला की कंपनीने परस्पर आरटीओला कळवायचं आणि आरटीओने मालकाला. डेटा सगळा सरकारकडे आहे, पॉलिसी नंबर एमपरिवहन अॅपवर दिसतो. एचएसआरपीचं बुकिंग करतानाच विमा चालू आहे का बघितलं असतं तर एका फटक्यात केवढ्या गाड्या सापडल्या असत्या! ती संधी गेली असं मला वाटतं. आणि कर दोन-दोन वर्षांचा भरायची मुभा बीएचवाल्यांपुरती न ठेवता ज्याला पाहिजे त्याला द्यावी.

जाता जाता, जी मुलं इकडे यायच्या तयारीत आहेत आणि आपली लाडकी बुलेट सोबत आणायचं म्हणतात (दर वर्षी एक तरी फोन येतोच), त्यांनी आणू नये. ड्युटी लागेल ही भीती खोटी आहे, सहा महिने वापरलेली स्वतःची गाडी घरसामानात बिनड्युटी येऊ शकते. अडतं पुढे. भारतात विकलेल्या गाडीला युरोपची टाइप अप्रूव्हल (त्या मॉडेलला मिळालेली मान्यता) नसते, बीएस-सहा आणि युरो-पाच कितीही सारखे वाटले तरी कागद वेगळा, मग इथे एकट्या गाडीची तपासणी करून घ्यायला लागते आणि त्यात दिवा, आरसा, सायलेन्सर, आवाज, सगळं सिद्ध करत बसा. फक्त फिरून परत न्यायची असेल तर मुंबईच्या डब्ल्यूआयएए म्हणजे वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून कार्नेट (गाडी तात्पुरती परदेशात न्यायचा कस्टमचा कागद) घेऊन लोक आणतात, ते वेगळं. इथे सेकंड हँड घ्या, पण घेताना सायलेन्सरवर ई-मार्क, म्हणजे युरोपच्या मान्यतेची खूण, आहे का बोट फिरवून बघा. माझ्या ड्युकवर आधीच्या मालकाने हौसेचा सायलेन्सर लावला होता, दर दोन वर्षांच्या तपासणीला गेलो तर तो माणूस गुडघ्यावर बसून टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन खालून शोधत होता, दहा मिनिटं शोधलं, ई काही सापडला नाही, नापास. नशीब की ओरिजिनल सायलेन्सर त्या मालकाच्या तळघरात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला होता, तो जाऊन घेऊन आलो. तिकडे बुलेटचा फटाका लावून फिरणाऱ्यांना हा टॉर्चवाला एकदा पाठवायला हवा.

बाबांचा विमा मी त्याच दिवशी इथून भरला, जीएसटी धरून साडेआठशेच्या आत काम झालं. पॉलिसी व्हॉट्सअॅपवर पाठवली. त्यांचा रिप्लाय आला: मिळाली, प्रिंट काढून डिकीत टाकतो.

आपला,
एक चिंचवडकर
(सध्या मुक्काम श्टुटगार्टजवळ, जर्मनी)